कौलारू छपराच्या लाकडातील ओल व कूज

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांत आढे, वासे आणि रिपा खालून उघड्या दिसतात. त्यामुळे गळती वेळीच नजरेस पडते. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ओल्या लाकडावर पोसणारी बुरशी ते कुजवते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिला तर ती वाढत नाही. पूर्वी चुलीच्या धुराने स्वयंपाकघरावरचे वासे कोरडे राहत. गॅस आल्यावर ही फुकटची राखण गेली.

कूज बहुधा टोकांपासून सुरू होते, कारण कापलेले टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते. म्हणून वळचणीबाहेर आलेली आणि भिंतीत पुरलेली टोके आधी तपासावीत, मग दोन पाखी मिळतात तो कोन.

काळा डाग म्हणजे कूज नव्हे. डागाची कड खडूने आखावी. पावसात तो रेषेबाहेर गेला तर गळती चालू आहे. मग टोच्या खुपसून लाकडाची ढलपी उचकटावी. निरोगी लाकडाची ढलपी लांब निघते, कुजलेल्याची तुकडा पडून तुटते. तपकिरी कुजीत लाकूड भेगाळलेल्या शेतासारखे चौकोनी तडकते आणि चिमटीत भुगा होतो. पांढऱ्या कुजीत ते फिकट, मऊ व तंतुमय होते. मातीच्या नळ्या वाळवीच्या. बारीक गोल भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा समजावा.

उपाय कौलापासून सुरू होतो. फुटके कौल बदलल्याशिवाय लाकडाला हात लावणे व्यर्थ. लाकूड सुकू द्यावे. ओल्यावर रंग दिला तर ओल आतच कोंडते. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडावा, किंवा शेजारी जोडवासा ठोकावा. बोरॅक्स व बोरिक अॅसिडचे द्रावण आतल्या वाशांना चांगले; वळचणीबाहेर पाऊस ते धुऊन नेतो. तिथे काजूच्या टरफलांचे तेल, डिंबेल, लावण्याची जुनी रीत आहे. ते कातडीला लागले तर फोड येतात, तेव्हा हातमोजे हवेत. जळके इंजिन ऑइल सर्रास फासतात, पण ते खोल मुरत नाही आणि आगीला आमंत्रण देते. नवे टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर फट ठेवावी. गवंडी ती हटकून लिंपतो.