एका गाण्यातले अनेक सूर

वडवणीत लग्नाची वरात निघाली, की ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’ची फर्माईश ठरलेलीच! पण 2016 सालच्या त्याच चित्रपटातले ‘याड लागलं’ आपण कधी निवांत बसून ऐकले आहे का? गायकाच्या आवाजामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे. अजय-अतुल या संगीतकार बंधूंनी वाद्यवृंदाचे हे सूर अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, ध्वनिमुद्रित करून घेतले. बोली आपली, वाद्यवृंद साहेबाचा! ही सोयरीक जुळली तरी कशी?

आपल्या भजनात सारे एकच चाल म्हणतात. वाद्यवृंदाचे तसे नाही. तिफणीच्या तीन नळ्यांतून तीन ओळी पडतात, पण बैलांची चाल एकच. तसे तिथे प्रत्येक गटाचे सूर वेगळे, लय मात्र एक. म्हणून हे सूर कागदावर लिहून द्यावे लागतात. ही विद्या गोव्यातल्या मुलांना चर्चच्या शाळांतून मिळे. ती शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले.

त्यांतलेच एक अँथनी गोन्साल्विस. गाव माजोर्डा, जन्म 1927. ते व्हायोलिन वाजवीत आणि वाद्यमेळाचे सूर लिहून देत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. राग आपला आणि मांडणी वाद्यवृंदाची, हाच त्यांचा ध्यास. त्यासाठी 1958 साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात लता मंगेशकर आणि मन्ना डे त्याच्या साथीने गायले. हा प्रयोग फार काळ चालला नाही. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले. नाव घरोघर पोचले, माणूस मात्र अनोळखीच राहिला. 2012 साली ते निवर्तले.

जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. सूर लिहिणाऱ्याचे सहसा नसे. चित्रपटसंगीताची अर्धी कहाणी अशी अंधारात राहिली.

तेव्हा गुरुजनहो, ‘याड लागलं’ वर्गात तीनदा ऐकवा. पहिल्यांदा मुलांना नुसता गळा ऐकू द्या. दुसऱ्यांदा गळा सोडून मागच्या वाद्यांचा माग काढायला सांगा. तिसऱ्यांदा गायक थांबतो तिथे वाद्ये काय बोलतात, ते विचारा. मुले उत्तर देतील, बरे का! आणि मग हळूच एवढेच पुसा : हे सूर लिहिले कोणी, वाजवले कोणी?