बेंद्रे सर आणि आमचं मंडल



मागच्या वेळी उन्हाळ्याच्या वाळवणांवर लिहिलं होतं. आज एका चित्रकाराविषयी लिहिणार आहे. चित्रकाराचं आणि आपलं काय नातं, असं म्हणू नका. आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे हा विषय का घेतला ते कळेल.

अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान असलं की रंगीत तांदळाचं मंडल काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या विधानात पहिल्या पूजेला ८ अर्घ्य, मग १६, मग ३२, असं दर पूजेला दुप्पट होत आठव्या पूजेला १०२४ होतात. कॉमर्सवाली असल्यामुळे मी एकदा बेरीज करून पाहिली होती, २०४० भरते. मंडलातली वलयं याच हिशोबाची, त्यामुळे तिथे इकडचं तिकडे चालत नाही. हाताखाली मुली असतात, त्यांनाही मी तसंच शिकवलं. "काकू, तुमचं कुठलं आणि मुलींचं कुठलं, ओळखूच येत नाही," असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं बाहेरच्या काठाला माझ्या कमळाच्या पाकळ्या न घालता ज्वारीच्या कणसांची वेल काढली. वलयांना तिनं हात लावला नव्हता, फक्त काठ बदलला होता. मी सगळ्यांसमोर फडक्यानं तो काठ पुसला आणि पाकळ्या घातल्या. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. मी मनाशी म्हटलं, अभ्यास वाढला असेल.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे बडोद्याला महिनाभर राहिले. तिच्या शेजारी चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. दुपारी त्यांच्याकडे पुस्तकं चाळत बसायचे. तिथे हे नाव भेटलं, नारायण श्रीधर बेंद्रे. कवी द. रा. बेंद्रे वेगळे, हे चित्रकार.

बेंद्रे मराठी घरातले, पण जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९१०. होळकरांच्या इंदुरात तेव्हा सरकारी चित्रशाळा निघाली होती आणि तिथे दत्तात्रय देवळालीकर नावाचे फार चांगले गुरू होते. बेंद्रे त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९३३ मध्ये मुंबईची सरकारी चित्रकला पदविका मिळवली. घरच्या धाकट्या भावाला पठाणी कपडे घालून बसवलं आणि त्याचं चित्र काढलं. त्या चित्राला मुंबईच्या आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळालं.

याच इंदुरात एक मुलगा होता, मकबूल. जन्मानं आपल्या पंढरपूरचा. शिकून धंद्याला लागावा म्हणून घरच्यांनी त्याला काकांच्या दुकानात बसवलेलं. आपल्यापैकी किती घरांत हे घडलंय! हा पोरगा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांचीच चित्रं काढायचा. एकदा शाळेची दोन पुस्तकं विकून त्यानं तैलरंगाच्या नळ्या आणल्या. सराफ्याजवळच्या तांब्या-पितळेच्या गल्लीत तो चित्र काढत असताना तिथेच बेंद्रेही चित्र काढताना भेटले. त्यांनी मुलाचं काम पाहिलं आणि एक दिवस त्याच्या घरी जाऊन वडिलांशी बोलले. तो काळ असा, की चित्र काढून पोट भरतं हे कुणाला पटत नसे. तरी वडिलांना पटलं. त्यांनी मुंबईहून मुलासाठी रंग आणि कॅनव्हास मागवले. हाच मुलगा पुढे मकबूल फिदा हुसेन. त्यांनीच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

बेंद्रे तेव्हा स्वतःच ऐन विशीत होते. दुसऱ्याच्या मुलासाठी त्याच्या घरी जाऊन बोलायचं, हे त्या वयात कुणाला सुचतं?

पुढची काही वर्षं बेंद्रे खूप फिरले. काश्मीरमध्ये प्रवासी खात्यासाठी चित्रकार म्हणून नोकरी केली. निसर्गचित्रांत त्यांचा हात इतका बसला होता की तेवढ्यावर जन्म निघाला असता. तरी १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला जाऊन राहिले, नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांचं काम जवळून पाहिलं. १९४७-४८ मध्ये अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये छापचित्रांचं तंत्र शिकले, तिथे प्रदर्शनही भरवलं, आणि युरोप पाहून परतले. नाव झालेलं असताना पुन्हा पाटी घेऊन शिकायला बसायचं, हे सोपं नाही. आपल्याला नवीन मोबाइल शिकायचा तरी नातवाची लाज वाटते!

१९५० मध्ये ते बडोद्याला आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. त्याच्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या देशातल्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते, तिथे 'सर्व माणसं' असं करून घेणाऱ्याही याच. त्यांच्या काळात चित्रकला, शिल्पकला हे विषय पदवीच्या पातळीवर शिकवणारी शाखा तिथे उभी राहिली. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता, शिल्पकलेला शंखो चौधुरी आणि चित्रकलेचे प्रमुख बेंद्रे. १९५९ मध्ये ते अधिष्ठाताही झाले. मुलीबरोबर पुष्पबागेतली ती इमारत बाहेरून पाहून आले. फाटकाशी मुलं-मुली मातीनं माखलेल्या हातांनी चहा पीत उभी होती.

शेजारच्या बाईंना मी विचारलं, "बेंद्रे सरांची पद्धत कोणती? कशावरून ओळखायचं की हा त्यांचा विद्यार्थी?"

त्या हसल्या. "ओळखता येत नाही, हीच पद्धत."

मग त्यांनी एकेकाचं काम दाखवलं. शांती दवे यांच्या चित्रांत वस्तूच दिसत नाहीत, रंगांचे थर आणि अक्षरांसारख्या खुणा दिसतात. गुलाममोहम्मद शेख यांच्या चित्रांत गोष्टी भरलेल्या, ते गुजरातीतले कवीही आहेत. हकू शाह लोककलेकडे वळले, आदिवासींच्या वस्तू गोळा करून त्यांचं संग्रहालय उभं केलं. हिम्मत शाह आपल्यासारख्याच जैन व्यापारी घरातले, लोथलचे. ते मातीची मुंडकी घडवणारे मोठे शिल्पकार झाले. आणि ज्योती भट्ट! त्यांनी छापचित्रं तर केलीच, पण कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानातली खेडी पालथी घातली आणि बायकांनी भिंतींवर, अंगणात काढलेल्या आकृत्यांचे फोटो काढून ठेवले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओणवी बसून मांडणा काढणारी बाई त्या फोटोत पाहिली आणि मी पान उलटायची थांबले. संध्याकाळपर्यंत पायाखाली पुसलं जाणारं आपलं काम कुणीतरी जपून ठेवावं असं मानलं होतं.

एका गुरूचे हे शिष्य आणि एकासारखा दुसरा नाही. असं कसं झालं? मला जे समजलं ते असं, की बेंद्रे स्वतः एका जागी थांबत नव्हते. ते विद्यार्थ्यांबरोबर स्वतः काम करत, नवे प्रयोग करत. हाताची तयारी मात्र ते पक्की करून घेत. रेघ, रंग, मांडणी यांत सूट नव्हती. पण त्यापुढे कुठे जायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. १९५६ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून 'बडोदा ग्रुप' केला आणि मुंबईत प्रदर्शन भरवलं. तिथे गुरूचं चित्र आणि शिष्याचं चित्र एकाच भिंतीवर लागलं.

१९५५ मध्ये त्यांच्या ज्या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचं नाव 'काटा'. विषय आपल्या रोजच्या ओळखीचा, पायात रुतलेला काटा. मांडणी मात्र घनवादाच्या अंगाची, म्हणजे आकार कोनाकोनांत मोडून पुन्हा जुळवलेले. आमच्याकडे बाभळी काय कमी आहेत? लहानपणी शेतातून लंगडत आलं की आजी दिव्याजवळ पाय ओढून घ्यायची आणि सुईनं काटा काढायची.

हे चित्र छापलेलं पाहिलं आणि मला खजुराहो आठवलं. तिथल्या पार्श्वनाथ मंदिराच्या भिंतीवर पायातला काटा काढणारी सुंदरी आहे. तुमच्यापैकी जी यात्रेला गेली असेल तिनं पाहिली असेलच. मंदिर दहाव्या शतकातलं, तिथला शिलालेख इ. स. ९५४ चा. म्हणजे विषय हजार वर्षांचा जुना. बेंद्र्यांनी तो घेतला, पण त्या शिल्पासारखा काढला नाही, आपल्या काळाच्या रीतीनं काढला. त्यामुळे परंपरा बिघडली का? उलट पुढे गेली.

तिथेच मला माझं फडकं आठवलं.

वलयं म्हणजे शास्त्र. ८ च्या जागी ९ होऊ शकत नाहीत, ती तशीच पुढे द्यायला हवीत. पण काठ? काठ माझा होता. माझ्या सासूबाईंचा काठ वेगळा होता, वेलबुट्टीचा. मी सून होऊन आले आणि कमळाच्या पाकळ्या सुरू केल्या. त्या बाजूला बसून नुसत्या पाहत राहिल्या होत्या. मला मिळालेली मोकळीक मी पुढे दिलीच नाही. शास्त्र कुठे संपतं आणि आपली सवय कुठे सुरू होते, हे शिकवताना कळत नाही. स्वयंपाकघरात सुनेला शिकवतानाही हेच होतं, खरं की नाही?

बेंद्र्यांनी १९६६ मध्ये बडोद्याची नोकरी सोडली आणि मुंबईला येऊन पूर्ण वेळ चित्रं काढली. तिथे पुन्हा नवी रीत धरली. रंगाचे बारीक बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र उभं करायचं, जवळून ठिपके, लांबून खेड्यातल्या बाया-माणसं. आपण तांदळाचा दाणा दाण्याशेजारी ठेवतो, त्याचीच आठवण होते. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. ऐंशी ओलांडली होती.

परत आल्यावर मी त्या मुलीच्या आईला फोन केला. मुलगी आता नांदेडला कॉलेजात शिकते. फोन तिच्याकडे दिल्यावर आधी माफी मागितली. साठीच्या बाईला विशीच्या मुलीची माफी मागताना शब्द सापडत नाहीत. ती म्हणाली, "काकू, मी कधीच विसरले." विसरली नव्हती, आवाजावरून कळत होतं.

फाल्गुनातल्या अष्टाह्निकेला ती आली. वलयं आम्ही दोघींनी मिळून मोजून भरली. काठाची वेळ आली तेव्हा मी आतल्या खोलीत तांदूळ निवडायला जाऊन बसले. तासाभरानं बाहेर आले तर काठावर ज्वारीची कणसं होती, मध्ये मध्ये निळी पाखरं. मला निळा रंग जरा जास्त वाटला. बोलले नाही.

तुमच्याकडे मंडलाचा काठ कोण काढतं, मला नक्की कळवा.