‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या नावाविषयी

* हे नाव मुद्दाम मुळाबरहुकूम ठेवले आहे. ‘कृष्णवर्णीय भगिनी’ म्हटले असते, तर ही संस्था केवळ आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची असा वाचकाचा समज झाला असता. प्रत्यक्षात लंडनच्या पश्चिमेकडील साउथॉलमध्ये १९७९ साली आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांनी मिळून ती उभी केली. तेव्हाच्या ब्रिटनमधील चळवळींत ‘ब्लॅक’ म्हणजे कातडीचा रंग नव्हे, तर वर्णद्वेष सोसणाऱ्यांची एकजूट. या छत्राखाली पंजाबी किंवा गुजराती बाईची वेगळी ओळख पुसली जाते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. पण संस्थेचे काम पाहिले की तो टिकत नाही. मूळच्या पंजाबातल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षे मारहाण सोसली, १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवले आणि त्याच्या खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्यासाठी याच स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. घरची अब्रू गोऱ्यांसमोर चव्हाट्यावर मांडली तर वर्णद्वेष्ट्यांचे फावते, हा समाजातल्या पुढाऱ्यांचा युक्तिवाद त्यांनी मानला नाही, आणि ते योग्यच केले. कारण त्या अब्रूची किंमत बाईनेच मोजायची असे. एकाच वेळी पोलिसांच्या वर्णद्वेषाशी आणि घरातल्या ‘इज्जती’शी भांडणाऱ्या या बायकांना एका जातकुळीचे नाव पुरले नसते. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने किरणजीत यांची खुनाची दोषसिद्धी रद्द केली आणि त्याच वर्षी त्या तुरुंगाबाहेर आल्या.