खुबा, खुर्ची आणि डोंगर

कर्जत आणि खालापूर हे तालुके चालणाऱ्यांचे आहेत. खाली भाताची खाचरे, वर माथेरान, ढाक, इर्शाळ आणि त्यांच्या सोंडांवर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. लावणीला वाकणे, चुलीपुढे उकिडवे बसणे, जेवताना मांडी घालणे, मोळी घेऊन चढण चढणे, ही सारी कामे खुब्याच्या सांध्याची. तो झिजू लागला की दुखणे बहुधा जांघेत उमटते, कधी थेट गुडघ्यात. त्यामुळे गुडघ्याला तेल चोळण्यात वर्षे निघून जातात. मग पायाची नखे कापता येत नाहीत, चाल लंगडी होते, रात्रीची झोपही जाते. घरात याला 'वात' हे एकच नाव असते.

या दुखण्यावरील उपायाचा इतिहास सहसा शस्त्रक्रियागृहापुरता सांगितला जातो. १८९०च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लुक यांनी हस्तिदंती सांधे बसवून पाहिले. १९२३ पासून अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी काचेची टोपी वापरली; ती फुटे. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी बसवली. सुमारे तीनशे रुग्णांनंतर ती काही वर्षांतच झिजते हे उघड झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा ही जोडी वापरली, आणि आजच्या कृत्रिम खुब्याची परंपरा सुरू झाली.

या इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे खुर्ची. चार्नलींचे रुग्ण मुख्यत्वे वयस्क होते. ते खुर्चीवर बसत, पलंगावर निजत, उंच शौचकूप वापरत. शस्त्रक्रियेनंतर खुबा काटकोनापलीकडे वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, हे पथ्य त्यांच्या दिनक्रमात सहज सामावणारे होते. आपल्याकडे त्याच पथ्याचा अर्थ असा की चूल ओट्यावर आली पाहिजे, पाटाऐवजी खुर्ची हवी, शौचालय बदलले पाहिजे. आज काही शल्यविशारद हे निर्बंध पूर्वीइतके कडक ठेवत नाहीत. तरी उकिडवे बसू नका, हा सल्ला अजून सर्रास मिळतो. म्हणजे येथे सांध्याबरोबर घरही बदलावे लागते, आणि घराचा खर्च रुग्णालयाच्या बिलात कोठेच दिसत नाही.

दुसरा भेद वयाचा. पाश्चात्त्य देशांत खुबा बहुधा म्हातारपणी झिजतो. भारतात या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत तरुण आणि मध्यमवयीन पुष्कळ असतात, कारण रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरणे, हे येथील एक प्रमुख कारण आहे. स्टिरॉइड औषधे, मद्य, अपघात यांमुळे ते घडते. महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलमुळेही घडते. चाळिशीतल्या माणसाला नवा खुबा तीस-चाळीस वर्षे पुरावा लागतो.

याच गरजेवर पुढे एक मोहक तोड सुचवली गेली. गोळा आणि वाटी दोन्ही धातूची, गोळा मोठा, तरुणांसाठी टिकाऊ. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा या जातीचा होता. तो झिजताना कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नोंदवली. केंद्राने मात्र चौकशी समिती २०१७ मध्ये नेमली. अनेक रुग्णांचा तर पत्ताच लागला नाही. शरीरात काय बसवले याची नोंद रुग्णाच्या हाती असावी, हा धडा आम्हांस या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उरतो प्रश्न वाटेचा. जुलै २०२३ मध्ये खालापुरातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीस रस्ता नसल्याने मदत करणाऱ्यांना डोंगर पायी चढावा लागला. साऱ्या देशाने ती चढण त्या दिवशी पाहिली. वाडीतल्या दुखऱ्या खुब्याला ती रोजचीच होती. कर्जत तालुक्यातील माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे ज्याला चालवत नाही तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाने ओढलेल्या रिक्षात बसला. एकाच्या सांध्याचा भार दुसऱ्याच्या सांध्यावर गेला, एवढेच. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. आमच्या मते हा आदेशही खुब्याच्या इतिहासातच नोंदवला पाहिजे.

हस्तिदंतापासून पॉलिइथिलीनपर्यंतचा प्रवास थोर आहे, यात शंका नाही. परंतु रुग्ण टाके काढून घराकडे निघतो तेथे तो प्रवास संपत नाही. पायथ्याशी गाडी थांबते, कुबडी हातात असते आणि वाडी वर असते.