उत्तर न आलेले अर्ज

मंडळाच्या सभेत एखादा अर्ज लिहायची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो : "अहो, अर्ज करून काय होणार? वर कोणी वाचते तरी का?" हा प्रश्न अगदीच निराधार नाही. आपणही कित्येक अर्ज करून उत्तराची वाट पाहत बसलेल्या आहोत. म्हणूनच वर्धापनदिनाच्या निमित्ताने हजारो स्त्रियांनी केलेल्या, पण उत्तर न मिळालेल्या एका अर्जाची हकीकत सांगावीशी वाटते.

दुसरे महायुद्ध संपले आणि आशिया-आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत मात्र उलटे घडले. १९४८ साली तेथे सत्तेवर आलेल्या गोऱ्यांच्या सरकारने वर्णभेदाचे रीतसर कायदे केले. त्यांतील सर्वांत जाचक गोष्ट म्हणजे पास. काळ्या माणसाने घराबाहेर पडताना हा पास जवळ बाळगलाच पाहिजे. पोलिसाने मागितला आणि दाखवता आला नाही, तर थेट अटक. १९५२ च्या कायद्याने जुने पास जाऊन त्यांच्या जागी फोटो, करांच्या नोंदी आणि मालकाची सही असलेली पुस्तिका आली. त्या कायद्याच्या नावातच 'पास रद्द करण्याविषयी' असे शब्द होते! नाव रद्द करण्याचे, काम अधिक आवळण्याचे.

पुरुषांना हा जाच जुनाच होता. आता तो स्त्रियांवर आला. या जाचाचा अर्थ आपण गृहिणींना वेगळा समजावून सांगायला नको. बाई बाजारात गेली, पुस्तिका घरी विसरली, की तिची रवानगी तुरुंगात. मग घरी ठेवलेल्या तान्ह्याकडे कोणी पाहायचे? चूल कोणी पेटवायची? भररस्त्यात पोलिसाने तपासणी करावी, ही अप्रतिष्ठा निराळीच.

त्या देशातील स्त्रियांना हा लढा नवा नव्हता. १९१३ साली ऑरेंज फ्री स्टेट प्रांतातील स्त्रियांनी पास नाकारून तुरुंगवास पत्करला होता, आणि पुढे तेथील सक्ती सरकारला सोडून द्यावी लागली होती. त्याच वर्षी कस्तुरबा गांधी आणि त्यांच्याबरोबरच्या हिंदी स्त्रियाही तेथील अन्यायी कायद्यांविरुद्ध तुरुंगात गेल्या होत्या. १९४६ मध्ये तेथील हिंदी लोकांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. तेव्हा आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्याच पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

१९५४ च्या एप्रिलमध्ये जोहान्सबर्गला सर्व वर्णांच्या स्त्रियांचा एक महासंघ स्थापन झाला. त्यातील चौघींची नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. लिलियन न्गोयी या कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करणाऱ्या विधवा. हेलन जोसेफ या गोऱ्या, जन्माने इंग्रज. तरुणपणी हैदराबादेत मुलींच्या शाळेत शिकवून गेलेल्या. रहिमा मूसा हिंदी वंशाच्या. सोफिया विल्यम्स मिश्रवंशीय, वय अवघे १८. ज्या राज्यात या चौघींना एका बाकावर बसणे कठीण, तेथे त्या एका कामाला लागल्या.

काम कोणते? तर आपल्यासारखेच. घरोघर जायचे, समजावून सांगायचे, सह्या गोळा करायच्या, प्रवासासाठी पैसे जमवायचे. अखेर ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया राजधानी प्रिटोरियात जमल्या. काही जणी हजार किलोमीटरहूनही दूर असलेल्या पोर्ट एलिझाबेथहून आगगाडीने आल्या होत्या. मिरवणुकीला बंदी होती. म्हणून त्या दोघीदोघी, तिघीतिघी अशा टेकडीवरच्या सरकारी इमारतीकडे चालत गेल्या. कोणाच्या पाठीवर मूल बांधलेले, कोणी आपल्या पारंपरिक वेषात, हिंदी बाया साड्या नेसून.

पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. चौघींनी अर्जांचे गठ्ठे त्यांच्या कार्यालयात नेऊन ठेवले. मग बाहेर त्या वीस हजार स्त्रिया अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. चार बायका एकत्र आल्या की गलका होतो, असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे!

पुढे काय झाले? त्याच वर्षी डिसेंबरात देशद्रोहाच्या आरोपाखाली १५६ जणांना पकडले. त्यांत लिलियन आणि हेलनही होत्या. खटला १९६१ पर्यंत चालला आणि सर्व निर्दोष सुटले. १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. १९६३ पासून स्त्रियांना पास सक्तीचा झालाच. म्हणजे अर्ज फुकट गेला, असेच त्या वेळी कोणीही म्हटले असते. लिलियन १९८० मध्ये वारल्या, तेव्हाही त्यांच्यावर सरकारी निर्बंध होते. कायदा गेलेला त्यांना पाहता आला नाही.

पासाचे कायदे १९८६ साली रद्द झाले. १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या स्त्रीपुरुषांनी मतदान केले, आणि १९९५ पासून ९ ऑगस्ट हा त्या देशात स्त्री-दिन म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस ठरला. प्रिटोरियात स्ट्रायडम यांच्या नावाचा एक चौक होता. त्याला आता लिलियन न्गोयी यांचे नाव आहे.

तीस वर्षे ही थोडी नव्हेत. त्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींनी सोसलेच, मिळवले काही नाही. हे विसरून त्यांचे कौतुक करणे बरे नव्हे. पण सह्यांसाठी दारोदार फिरताना ज्या ओळखी झाल्या, जी भीती मोडली, ती कोणत्याही सरकारला परत आणता आली नाही. अर्ज वाचला गेला नसेल, पण लिहिणाऱ्या बदलल्या होत्या.

तेव्हा पुढच्या सभेत तो प्रश्न निघाला, तर एवढेच म्हणू या : "उत्तर येईल तेव्हा येईल. तुम्ही आधी सही करा, आणि शेजारच्या वहिनींनाही घेऊन या."