परत दिलेल्या पगारावरचा कर

पगार चुकून जास्त मिळाला आणि तो पुढच्या वर्षी परत करावा लागला, तर त्यावर आधीच कापून गेलेल्या कराचे काय? प्रश्न कारकुनी वाटतो. अमेरिकेत मात्र तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्यासाठी काँग्रेसने कायद्यात स्वतंत्र कलम घातले, आणि एवढे होऊनही तिथल्या लहान पगारदाराला आज अशा पैशावर कर सोसावा लागतो जो त्याच्याकडे राहिलेलाच नाही. हे कोणी ठरवून केलेले नाही. वेगवेगळ्या काळांतले काही निर्णय, प्रत्येक आपापल्या जागी समजण्याजोगा, एकावर एक रचले गेले आणि त्यांच्या फटीत हा पगारदार अडकला, असे या इतिहासावरून दिसते.

मुळाशी आहे ते वर्षाचे कुंपण. आयकर वर्षावर्षाला मोजायचा, आणि एकदा वर्ष संपले की त्याचा हिशेब पुढच्या घटनांनी बदलायचा नाही, हे तत्त्व १९३१ साली बर्नेट विरुद्ध सॅनफर्ड अँड ब्रुक्स या खटल्यात पक्के झाले. डेलावेअर नदीतला गाळ काढण्याच्या कंत्राटात त्या कंपनीला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तोटा झाला होता. दावा जिंकून तिने १९२० मध्ये सुमारे १,९२,००० डॉलर वसूल केले. त्यातला बहुतेक भाग जुन्या खर्चाचीच भरपाई होता, तरी न्यायालयाने ती सगळी रक्कम १९२० चे उत्पन्न ठरवली. पुढच्याच वर्षी नॉर्थ अमेरिकन ऑइल कन्सॉलिडेटेड हा खटला आला. कॅलिफोर्नियातल्या तेलाच्या जमिनीवर सरकारने हक्क सांगितला होता, त्यामुळे १९१६ चा नफा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात अडकला. तो कंपनीच्या हाती आला १९१७ मध्ये, आणि शेवटचे अपील निकाली निघाले १९२२ मध्ये. मग उत्पन्न कोणत्या वर्षाचे? न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९१७ हे उत्तर दिले. पैसा आपला आहे असे मानून, कुणाचे बंधन न ठेवता ज्या वर्षी तो ताब्यात घेतला, त्या वर्षाचे ते उत्पन्न. पुढे तो परत करावा लागला तर परतफेडीच्या वर्षी वजावट घ्यावी. या तत्त्वाला तिथे ‘क्लेम ऑफ राइट’ म्हणतात. तेलकंपनीसाठी हे उत्तर वाजवीच होते, कारण कंपनी दरवर्षी हिशेब मांडते आणि आज गेलेले उद्याच्या नफ्यातून वळते करून घेऊ शकते.

पगारदाराचे तसे नसते, हे लुइस नावाच्या एका पगारदाराच्या खटल्यात उघडे पडले. लुइस यांना १९४४ मध्ये सुमारे २२,००० डॉलर बोनस मिळाला आणि त्यांनी त्यावर प्रामाणिकपणे कर भरला. बोनसची आकडेमोड चुकल्याचे राज्याच्या न्यायालयात ठरले, म्हणून १९४६ मध्ये त्यांनी सुमारे ११,००० डॉलर परत केले. आता १९४४ हे युद्धाचे वर्ष, सर्वांत वरचा दर तेव्हा ९४ टक्क्यांवर होता. १९४६ पर्यंत दर उतरले होते. म्हणजे कर चढ्या दराने भरलेला आणि वजावट उतरत्या दराने मिळणारी. लुइस म्हणाले, १९४४ चाच हिशेब पुन्हा मांडा. ‘कोर्ट ऑफ क्लेम्स’ या न्यायालयाने ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती ब्लॅक यांचे म्हणणे असे की लुइस यांनी ती रक्कम दोन वर्षे आपलीच म्हणून वापरली होती, आणि वर्षाच्या कुंपणाला अपवाद करू लागलो तर करव्यवस्थेला काही ठाव राहणार नाही. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत नोंदवले. आयकरात अपरिहार्य अन्याय पुष्कळ आहेत, त्यांत नसता एक कशाला वाढवायचा, असा त्यांचा रोख होता. निकाल ब्लॅक यांच्या बाजूने लागला, पण डग्लस यांचे म्हणणे काँग्रेसने तीन वर्षांत उचलून धरले.

१९५४ च्या नव्या करसंहितेत कलम १३४१ आले. मागचे वर्ष उघडायचे नाही, पण ती रक्कम तेव्हा धरलीच नसती तर कर किती कमी पडला असता ते काढायचे आणि तेवढी सूट परतफेडीच्या वर्षीच्या करातून द्यायची. किंवा नेहमीची वजावट घ्यायची. दोहोंत करदात्याला जे फायद्याचे ते. मधल्या वर्षांचे व्याज मात्र नाही. कुंपणही शाबूत आणि माणूसही सुखरूप, अशी ही तोड खरोखर कसबी होती. तिला रकमेची एक अट घातली, परतफेडीची रक्कम ३,००० डॉलरहून जास्त हवी. हा आकडा आज किरकोळ वाटतो. पण सोशल सिक्युरिटीच्या नोंदींप्रमाणे १९५४ मधली सरासरी वार्षिक मजुरीच सुमारे ३,१५५ डॉलर होती. म्हणजे सवलतीच्या दाराशी पोचायला साधारण कामगाराला जवळजवळ अख्ख्या वर्षाचा पगार परत करावा लागला असता. कलम लिहिताना डोळ्यांसमोर लुइस यांच्यासारखे मोठा बोनस घेणारे अधिकारी आणि कंपन्या होत्या, हे या आकड्यावरून कळते. लहान परतफेड करणाऱ्याला तेव्हा वाऱ्यावर सोडले होते असेही नव्हे. प्रमाणित वजावट न घेता जो खर्च तपशीलवार दाखवत असे, त्याला परत केलेला पगार त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येई. दरातला फरक पदरी येई, मुद्दल सुटे.

ही दुसरी वाट पुढे बुजत गेली. १९८६ च्या करसुधारणेने नोकरीशी निगडित अशा किरकोळ वजावटींना उत्पन्नाच्या दोन टक्क्यांची पायरी लावली, तिच्यावरचा खर्च तेवढाच ग्राह्य. ३,००० डॉलरवरच्या परतफेडी या पायरीतून वगळल्या, खालच्या वगळल्या नाहीत. मग २०१७ च्या कायद्याने या किरकोळ वजावटी २०१८ पासून बंदच केल्या. हेतू विवरणपत्र सोपे करण्याचा होता, आणि त्यासाठी प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली. परत केलेल्या पगाराचा विचार त्या वेळी कुणाच्या मनात असेल असे वाटत नाही. तो बाकीच्या गठ्ठ्याबरोबर गेला.

परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, एखाद्याला डिसेंबरात २,८०० डॉलर जास्त मिळाले. २२ टक्क्यांनी आयकराचे ६१६ कापले गेले, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे सुमारे २१४. हातात पडले १,९७०. चूक त्याच वर्षात सापडली तर मालक कापलेला करही वळता करून घेतो आणि नोकर हाती आलेले तेवढेच परत देतो. चूक पुढच्या जानेवारीत किंवा त्यानंतर सापडली की मालकाला मागल्या वर्षाच्या आयकराला हात लावता येत नाही. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे पैसे तो दुरुस्त विवरणपत्र भरून सोडवून आणतो, आयकर मात्र नोकराच्या नावे जमा राहतो. म्हणून नोकराकडून सुमारे २,५८६ मागितले जातात, हाती आलेल्यापेक्षा ६१६ जास्त. जुने विवरणपत्र दुरुस्त करून ते मिळवता येत नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने ते विवरणपत्र बरोबरच होते. वजावट बंद झालेली. रक्कम ३,००१ असती तर कलम १३४१ खाली सुमारे ६६० डॉलर सुटले असते. २,८०० वर शून्य.

या व्यवस्थेच्या बाजूने बोलणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, जुनी वर्षे उकरत बसलो तर कोणताही हिशेब कधी मिटणार नाही. हे खरे आहे, पण कलम १३४१ जुने वर्ष उकरतच नाही, सूट चालू वर्षात देते. जे ३,००१ डॉलरला जमते ते २,८०० ला कुंपण कसे मोडील? दुसरी, नोकराने मधल्या काळात पैसा वापरला. वापरला खरा, पण त्याची किंमत म्हणून सरकारने व्याज आधीच नाकारले आहे. कराचे मुद्दलही ठेवून घ्यायला तो आधार पुरत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ३,००० चा आकडा सत्तर वर्षे गोठलेला असल्याने महागाईने तो आपोआप उतरवला आहे. १९५४ चे ३,००० म्हणजे आजचे सुमारे ३५,००० डॉलर, त्यामुळे अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले कलम आता मध्यम पगारदारालाही उपयोगी पडते. हे मी मान्य करतो, आणि हा आकडा कुणी महागाईशी जोडू नये असेच म्हणेन. पण उंबरठा उतरला तशी त्याच्या खाली जमीनही राहिली नाही. पूर्वी उंबरठ्याखाली अर्धीमुर्धी सवलत होती, आता काहीच नाही.

त्यातून हप्त्यांची गोष्ट आणखी विचित्र होते. मर्यादा त्या त्या वर्षीच्या वजावटीला लागते. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया नॅशनल गार्डच्या जवळपास दहा हजार सैनिकांकडे इराक-अफगाणिस्तानच्या काळात दिलेले भरतीचे बोनस परत मागितल्याची बातमी फुटली, तेव्हा गवगवा झाला आणि संरक्षणमंत्री अॅश कार्टर यांनी वसुली थांबवली. ती चर्चा वसुली न्याय्य की अन्याय्य एवढ्यावरच राहिली. पण कोणताही नोकर १२,००० डॉलरची परतफेड महिना २०० डॉलरने करू लागला, तर त्याची वार्षिक परतफेड २,४०० भरते आणि तो मर्यादेखाली येतो. एकरकमी फेडू शकणाऱ्याला कर परत मिळतो, हप्ते मागण्याची वेळ ज्याच्यावर येते त्याला नाही.

आपल्याकडे वेतन आयोगाची थकबाकी एकदम हाती आली की १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८९ चा आधार सरकारी नोकर घेत आले. उशिरा मिळालेला पैसा ज्या त्या वर्षात वाटून पाहावा, हे सूत्र कलम १३४१ च्या जवळचेच. अतिप्रदानाची वसुली मात्र आपल्याकडे मुख्यतः वसुली करावी की नाही या अंगाने लढली गेली. रफिक मसीह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गट क आणि ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून वसुलीला अटकाव केला. कराची बाजू तिथे प्रश्नच नव्हती. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ती बाजू भेटते ती बहुधा रुजू होतानाचा बोनस वर्ष उलटून परत करताना, आणि परत मागणारे पत्र हाती आलेल्यापेक्षा मोठ्या रकमेचे का, हे त्याला तिथे कोणी समजावून सांगत नाही.

उपाय अवघड नाही. कलम १३४१ मधली ३,००० ची अट पगाराच्या परतफेडीपुरती काढून टाकली की पुरे, बाकी सगळी यंत्रणा १९५४ पासून तयार आहे. काँग्रेसने २०२५ मध्ये त्या किरकोळ वजावटींवरची बंदी कायमची केली, आणि ही अट होती तशीच ठेवली. ती निघेपर्यंत अमेरिकेत नोकरी करणाऱ्याने दोनच गोष्टी पाहाव्यात. जास्तीचा पगार लक्षात येताच तो ३१ डिसेंबरच्या आत परत करावा. ते चुकले आणि रक्कम ३,००० च्या वर असली, तर शक्य होईल तेवढी एकाच वर्षात फेडावी.