फवारा पानावर, शेंग मातीत

डिसेंबरच्या आरंभी सिंटरक्लासच्या निमित्ताने इथे नायमेखनमध्ये घरोघरी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा येतात. गेल्या खेपेला नातीने एक शेंग फोडली आणि हिरमुसली. "आजोबा, ही रिकामीच आहे!" मी म्हणालो, "पोचट म्हणायचं तिला." या एका शब्दाने मला थेट जामनेर तालुक्यातील आमच्या शेतात, 1984 च्या खरिपात नेऊन सोडले.

त्या साली वडिलांनी फुले प्रगती, म्हणजेच जेएल 24, पेरला होता. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे हे वाण 1978 मध्ये प्रसारित झाले. पुढे ते आफ्रिकेत मलावीपर्यंत पोचले. पीक जोमात होते. तरीही जास्त उतारा मिळेल म्हणून तालुक्याच्या एका दुकानदाराने टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारल्या. सोसायटीच्या कर्जातून दोन फवारण्या झाल्या. पाला असा हिरवागार की येणारेजाणारे बांधावर थांबून बघत. उपटणीला मात्र नाल्याकाठच्या हलक्या जमिनीतील निम्म्या शेंगा पोचट निघाल्या. ताईचे लग्न वर्षभर पुढे गेले.

मग पानावरची फवारणी ही नुसती फसवणूकच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडत. नेमक्या त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे 1882 मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि 1885 मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे मांडले. (चोरांचे उपकारच म्हणायचे!) भुईमुगाच्या टिक्का रोगावर हेच बोर्डो मिश्रण वापरले गेले, पुढे मँकोझेब आणि कार्बेन्डॅझिम आले. टिक्क्याने, किंवा 1970 च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या तांबेऱ्याने, पान अवेळी गेले की दाणा भरायचा राहतो. दोन्ही एकदम आले तर निम्मे पीकही जाऊ शकते. तिथे वेळेवर मारलेला फवारा पीक वाचवतो. युरोपीय संघाने 2020 मध्ये मँकोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले, हेही नोंदवले पाहिजे. दाणा टरफलाआड असतो हे खरे, पण भुईमुगाचा पाला आपल्याकडे गुरे खातात.

आमच्या चुनखडीच्या तुकड्यात पाने पिवळी पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. अशा जमिनीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. वडील शंभर लिटर पाण्यात अर्धा किलो हिराकस विरघळवून फवारत आणि थोड्याच दिवसांत पानांचा रंग पालटे. तोही फवाराच, आणि पैसावसूल.

कॅल्शियमची तऱ्हा मात्र निराळी. भुईमुगाचे फूल वर येते, पण आरी मातीत शिरते आणि तिच्या टोकाला धरलेली शेंग आपले बहुतेक कॅल्शियम भोवतालच्या मातीतूनच शोषते. पानावर दिलेले कॅल्शियम खाली शेंगेत उतरत नाही. शेंग ते मातीतून थेट घेते, हे फ्लोरिडातील संशोधकांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून 1949 मध्येच दाखवले होते. आमच्या त्या खरिपाच्या पस्तीस वर्षे आधी! एवढ्या काळात फ्लोरिडाचे ज्ञान आमच्या बांधावर आले नाही, टॉनिकची बाटली मात्र आली.

पुढच्या वर्षी कृषी खात्याच्या एका गृहस्थाने वडिलांना जिप्सम टाकायला सांगितले: हेक्टरी 400 किलो, अर्धे पेरताना आणि अर्धे आऱ्या सुटताना झाडांच्या बुडाशी. वडिलांचा विश्वास बसेना. पानाला न लावता दाणा कसा भरेल? तरी त्यांनी टाकले. नाल्याकाठच्या शेंगा त्या वर्षी वाजत नव्हत्या, हाताला जड लागत होत्या. त्याच पैशांत ताईचे लग्न झाले.

टॉनिकची एक रिकामी बाटली वडिलांनी कित्येक वर्षे देवळीत ठेवली होती. आई ती फेकायला निघाली की म्हणत, "राहू दे. फार महाग पडली आहे ती."